इंग्रजी गद्यातील विषयप्रवेशक पदबंध

इंग्रजीत प्रबंध लिहिणाऱ्या मराठी विद्यार्थ्याचे व्याकरण निर्दोष असले, तरी परिच्छेदाच्या पहिल्या दोनचार शब्दांत तो पुष्कळदा अडखळतो. एका विषयावरून दुसऱ्याकडे वळावयाचे म्हणजे ‘मोअरओव्हर’ किंवा ‘फर्दरमोअर’ घालावे, अशी समजूत सर्रास आढळते. वस्तुतः हे शब्द नवा विषय आणीत नाहीत. चालू विधानास आणखी एका मुद्द्याची जोड मिळत आहे, एवढेच ते सुचवितात. कोकणातील मासेमारी नौकांची संख्या सांगून झाल्यावर पुढचा परिच्छेद ‘मोअरओव्हर’ने उघडला आणि त्यात सहकारी संस्थांचा इतिहास दिला, तर त्या दोहोंतील नसलेला संबंध परीक्षक शोधीत बसतो, आणि तो न सापडल्यास दोष युक्तिवादाच्या माथी मारतो.

हॅलिडे व रुकैया हसन यांनी ‘कोहीजन इन इंग्लिश’ (१९७६) या ग्रंथात वाक्यांना जोडणाऱ्या संबंधांचे चार वर्ग कल्पिले आहेत : भर, विरोध, कार्यकारण आणि काल. ‘नाउ’, ‘वेल’, ‘एनीवे’ यांसारख्या शब्दांचा विचार त्यांनी या चोहोंहून वेगळा केला, हे लक्षणीय आहे. परिच्छेदारंभीचा हा ‘नाउ’ कालवाचक नसतो; युक्तिवादाची नवी पायरी तो दर्शवितो. मराठीतील ‘आता’ नेमके हेच कार्य करतो.

‘ॲज फॉर’ हा पदबंध अधिक सूक्ष्म आहे. त्याला जवळचा मराठी प्रयोग म्हणजे ‘राहिला प्रश्न अमक्याचा’. इतरांचा परामर्श घेऊन झाला, यादीतील हे एक उरले, असे त्यात गृहीत असते. म्हणूनच लेखाच्या आरंभी तो शोभत नाही. शिवाय ‘उरले’ या भावात किंचित उपेक्षाही डोकावते. मासळीच्या व्यापारावरील प्रकरणात दलाल व वाहतूकदार यांच्यानंतर ‘ॲज फॉर’ लावून विक्रेत्या स्त्रियांचा उल्लेख केला, की किरकोळ विक्रीचा भार ज्यांच्यावर आहे त्याच शेपटाला लागल्यासारख्या दिसतात. लेखकाचा तसा अभिप्राय नसेलही. पदबंधाचा मात्र असतो. अशा स्थळी ‘विथ रिगार्ड टु’ तटस्थ ठरते, जरी त्याला कचेरीतील पत्रव्यवहाराचा वास येतो. त्यातील ‘रिगार्ड’ हे नाम एकवचनी होय. ‘ॲज रिगार्ड्ज’मधील अंत्य ‘ज्’ क्रियापदाचा आहे. या दोहोंच्या सरमिसळीतून निघालेले ‘विथ रिगार्ड्ज टु’ शिष्ट लेखनात अशुद्ध मानले जाते.

मुळात असल्या पदबंधांची इंग्रजीस गरज का भासते? मराठीत ‘हे पुस्तक कोणी वाचले नाही’ असे म्हणताना केवळ पदक्रमाने कर्म अग्रभागी येते. इंग्रजी वाक्यात ते स्थान प्रायः कर्त्याचे असते; अन्य पद पुढे आणावयाचे तर त्याला आधार द्यावा लागतो. फाउलर यांनी १९२६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रयोगकोशात ‘ॲज टु’चा वाक्यारंभीचा असा उपयोग मान्य केला, आणि साध्या शब्दयोगी अव्ययाऐवजी वाटेल तेथे तो घालण्यावर टीका केली, ती याच दृष्टीने.

‘टर्निंग टु’ वापरताना वळणारा कोण हे पाहावे. ‘टर्निंग टु प्रायसेस, द टेबल शोज’ या रचनेत व्याकरणदृष्ट्या कोष्टकच किमतींकडे वळते. ‘रिगार्डिंग’, ‘कन्सर्निंग’ यांना मात्र शब्दयोगी अव्ययाचा दर्जा लाभल्यामुळे हा आक्षेप लागू पडत नाही.

मराठी लेखक एखादा विषय ‘असो’ म्हणून मिटवितो. त्याला इंग्रजीत तंतोतंत प्रतिशब्द नाही : ‘एनीवे’ बोलीतला, तर ‘बी दॅट ॲज इट मे’मध्ये आधीच्या म्हणण्याला बगल देऊन विरोधी विधान करण्याचा सूर असतो. तेथे काहीच न लिहिणे उत्तम. नौकांविषयीच्या परिच्छेदाचे शेवटचे वाक्य त्यांच्यासाठी काढलेल्या कर्जावर थांबले असेल, तर पुढील परिच्छेदाचा कर्ता ‘दीज लोन्स’ करावा आणि सहकारी संस्थांकडे तेथूनच जावे.