कालखंड-संज्ञा, पुरातत्त्वीय नोंदींतील

कालखंड-संज्ञा, पुरातत्त्वीय नोंदींतील : पुरावस्तू, वास्तू वा प्राचीन वसतिस्थान यांच्या नोंदपत्रात काळ दर्शविण्यासाठी जे नाव लिहितात, त्यास कालखंड-संज्ञा म्हणतात. ताम्रपाषाणयुग, महाश्मयुग, सातवाहनकाल, हेमाडपंती, ब्रिटिश अंमल ही त्यांची परिचित उदाहरणे होत. या संज्ञा वरवर एकाच जातीच्या वाटल्या, तरी त्यांचे आधार भिन्न आहेत. पहिली हत्यारांच्या द्रव्यावरून, दुसरी दफनाच्या पद्धतीवरून, तिसरी राजवंशावरून, चौथी बांधणीच्या प्रकारावरून व पाचवी राज्यकारभारावरून आलेली आहे. नोंदपत्राच्या एकाच रकान्यात त्या मिसळल्या, म्हणजे पुढील अभ्यासकास काळ मिळत नाही. केवळ नाव मिळते. वऱ्हाडाच्या (अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम व यवतमाळ हे जिल्हे) नोंदींत ही अडचण विशेष जाणवते, कारण महाराष्ट्राच्या इतर भागांत बेतलेल्या संज्ञा येथे अनेकदा जशाच्या तशा लावण्यात आल्या.

द्रव्यावरून युगे पाडण्याची पद्धत डॅनिश संग्रहालयज्ञ क्रिस्त्यान टॉमसन याने कोपनहेगनच्या संग्रहातील वस्तू लावताना रूढ केली व १८३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शिकेत ती मांडली. अश्म, कांस्य व लोह हा क्रम मुळात वस्तूंच्या पूर्वापरतेचा होता. त्यात वर्षे नव्हती. अशी संज्ञा एखाद्या प्रदेशात कोणत्या शतकांना लागू पडते, हे त्या त्या प्रदेशातील उत्खननावरूनच ठरवावे लागते. पश्चिम महाराष्ट्रात इनामगाव येथे माळवा (इ. स. पू. सु. १६००–१४००) व त्यानंतर जोर्वे (इ. स. पू. सु. १४००–७००) या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतींचा क्रम सिद्ध झाला आहे. विदर्भात मात्र नायकुंड, माहूरझरी, टाकळघाट-खापा इ. नागपूर परिसरातील स्थळी लोखंड वापरणाऱ्या व शिलावर्तुळांत दफन करणाऱ्या लोकांची संस्कृती इ. स. पू. सु. ८०० ते ४०० या काळात नांदत होती. नायकुंड येथे तर लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली. इ. स. पू. आठव्या शतकातील एक खापर इनामगावास ‘ताम्रपाषाणयुगीन’ आणि विदर्भात ‘लोहयुगीन’ ठरते. दोन्ही नोंदी बरोबर असतात, परंतु वर्षे सोबत नसतील तर त्या परस्परांच्या आधीनंतरच्या वाटतात.

वऱ्हाड या दोन क्षेत्रांच्या मध्ये पडतो. अमरावती जिल्ह्यातील तुळजापूर गढी येथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने १९८४-८५ मध्ये केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन वस्तीचे थर मिळाले, तर त्याच जिल्ह्यातील फुपगाव येथे २०१८-१९ मध्ये पूर्णेच्या खोऱ्यातील लोहयुगीन वस्ती उघडकीस आली. वर्धा नदीकाठच्या कौंडण्यपूर येथे मो. गं. दीक्षित यांनी केलेल्या उत्खननाचा वृत्तांत १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे महाश्मयुगीन थरांपासून सातवाहनकालीन थरांपर्यंतचा क्रम आढळतो. ‘महाश्मयुगीन’ हा शब्द वस्तीच्या थरास लावताना विचार करणे इष्ट. शिलावर्तुळ ही दफनाची खूण असून तिच्या अभावी केवळ काळ्या-तांबड्या खापरांवरून वस्तीस हे नाव देणे म्हणजे अनुमानास निरीक्षणाचा दर्जा देणे होय. अशा ठिकाणी ‘लोहयुग’ लिहून महाश्मांशी असलेला संबंध शेऱ्यात नमूद करावा.

ऐतिहासिक काळात राजवंशांची नावे येतात व त्यांबरोबर साहित्याचा मोहही येतो. कालिदासाच्या मालविकाग्निमित्र नाटकात अग्निमित्राने विदर्भाचा पराभव करून वरदेच्या (वर्धा नदी) दोन्ही तीरांवर त्याची विभागणी केल्याची कथा आहे. तेवढ्यावरून वऱ्हाडातील मृण्मयी मूर्तींना ‘शुंगकालीन’ म्हणण्यास आधार नाही. उत्तर भारतातील शैलीशी साम्य दाखवावयाचे असेल, तर ते शैलीच्या रकान्यात दाखवावे. हीच गोष्ट ‘गुप्तकाल’ या संज्ञेची. प्रभावतीगुप्ता ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या वाकाटक घराण्यात दिलेली होती, तरी येथील राज्य वाकाटकांचे होते व त्यांची एक शाखा वत्सगुल्म म्हणजे वाशीम येथून राज्य करीत होती.

वाकाटकांचे ताम्रपट सामान्यतः राज्यवर्षात दिलेले असतात. अचलपूरनजीकच्या चम्मक येथील दुसऱ्या प्रवरसेनाच्या ताम्रपटावर त्याचे अठरावे राज्यवर्ष आहे. ते इसवी सनाचे कोणते वर्ष, हे त्याच्या राज्यारोहणाचा काळ कोणता धरावा यावर अवलंबून असून त्याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. नोंदपत्रात सरळ इसवी सन लिहिल्यास हा मतभेद झाकला जातो. याउलट वाशीमजवळील हिस्से-बोराळा येथील देवसेनाच्या कारकीर्दीतील शिलालेखात शक ३८० (इ. स. ४५८) स्पष्ट दिलेला आहे. वाकाटकांच्या कालगणनेत हा लेख दुर्मिळ आधार होय. चम्मक व हिस्से-बोराळा या दोहोंपुढे ‘वाकाटककाल’ एवढेच लिहिले, तर त्यांच्या प्रमाणमूल्यातील हा फरक नाहीसा होतो.

वऱ्हाडातील सर्वाधिक वापरलेली व सर्वाधिक सदोष संज्ञा ‘हेमाडपंती’ ही होय. हेमाद्री वा हेमाडपंत हा देवगिरीच्या महादेव (कार. १२६१–७१) व रामचंद्र (कार. १२७१–१३११) या यादव राजांचा मंत्री. चुन्याविना दगडावर दगड बसवून बांधलेल्या देवळांचे कर्तृत्व लोकपरंपरेने त्याच्याकडे दिले आणि ते नाव एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी याद्यांमधून सरकारी दप्तरात शिरले. हेन्री कझिन्झ याने मध्य प्रांत व वऱ्हाडातील अवशेषांची यादी १८९७ मध्ये, तर दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरील ग्रंथ १९३१ मध्ये प्रसिद्ध केला. तेव्हापासून बार्शीटाकळीचे कालंका देवीचे मंदिर, लासूरचे आनंदेश्वर मंदिर आणि गावोगावची कितीतरी भग्न देवळे याच एका नावाखाली येतात. परंतु बार्शीटाकळी येथील शिलालेखात शके १०९८ (इ. स. ११७६-७७) हा काळ आहे, हेमाद्रीच्या मंत्रिपदाच्या सु. ऐंशी वर्षे आधीचा! कोकणातील अंबरनाथचे शिलाहारकालीन मंदिर (इ. स. १०६०) तर त्याहूनही जुने, तरी तेही हेमाडपंती म्हणवले जाते. म्हणजे या एका शब्दाने दोनअडीच शतकांची वाटचाल सपाट केली आहे. संज्ञा लोकांच्या तोंडी आहे, ती टाकून देता येणार नाही; ग्रामस्थ देवळाची माहिती त्याच शब्दाने सांगतात. तिला बांधणीच्या रकान्यात ठेवावे व काळाच्या रकान्यात ‘बारावे–तेरावे शतक’ असे शतक लिहावे, हे उचित. शिलालेख असल्यास त्याचा काळ स्वतंत्रपणे द्यावा, कारण लेख दानाचा असू शकतो, बांधकामाचा असेलच असे नाही.

मध्ययुगात घोटाळा नावांच्या सारखेपणाने होतो. अहमदनगरच्या निजामशाहीने १५७४ मध्ये वऱ्हाडची इमादशाही जिंकली आणि १५९६ मध्ये हा प्रांत मोगलांकडे गेला. पुढे १७२४ च्या साखरखेर्ड्याच्या लढाईनंतर हैदराबादच्या निजामाचा अंमल बसला. ‘निजामकालीन’ अशी नोंद या दोहोंपैकी कोणत्याही काळाची ठरू शकते. दुसऱ्यासाठी ‘आसफजाही’ हा शब्द वापरल्यास संदिग्धता राहत नाही. ‘मराठाकाल’ या संज्ञेचेही तसेच. अठराव्या शतकात निजाम व नागपूरकर भोसले या दोघांचा वसूल एकाच गावातून होत असे. १८०३ च्या अडगाव व गाविलगड येथील लढायांनंतर देवगावच्या तहाने वर्धेपलीकडील मुलूख निजामाकडे गेला. पुण्याप्रमाणे १८१८ ही सीमारेषा येथे लावता येत नाही. इंग्रजी कारभार १८५३ च्या तहाने आला आणि तोही निजामाचे नाममात्र स्वामित्व राखून.

राजकर्ता व बांधविता वेगळे असल्यास दोन्ही नोंदवावे लागतात. नरनाळ्याच्या महाकाली दरवाजावरील हिजरी ८९२ (इ. स. १४८७) च्या लेखात राजा बहमनी आहे, तर बांधविता फत्तेउल्ला इमाद-उल्-मुल्क म्हणजे अवघ्या तीन वर्षांनी इमादशाही स्थापणारा सुभेदार. कोणतेही एकच नाव येथे अर्धसत्य होईल. लेखांतील वर्षे मूळ गणनेसह उतरवून घेणे अगत्याचे आहे. ‘११६०’ हा आकडा हिजरी असेल तर इ. स. १७४७, दक्षिणी फसली असेल तर १७५०-५१ आणि शुहूर असेल तर १७५९-६० होतो.

या बारकाव्यांचे परिणाम केवळ विद्वत्तेपुरते नाहीत. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम १९७२ नुसार शंभर वर्षांची वस्तू (हस्तलिखिताच्या बाबतीत पंचाहत्तर वर्षांची) पुरावस्तू ठरते. ‘अर्वाचीन’ असा शेरा एकदा पडला, की ती यादीबाहेर राहते आणि पुढे शंभर वर्षे उलटली तरी शेरा बदलण्याचे कोणास सुचत नाही. सरकी काढण्याच्या जुन्या कारखान्यांच्या इमारती याच कारणाने दुर्लक्षित आहेत. बुलढाणा जिल्ह्यातील भोन येथे डेक्कन कॉलेजच्या उत्खननात विटांचा स्तूप सापडला. हे स्थळ पूर्णेवरील जिगाव प्रकल्पाच्या बुडित क्षेत्रात येते. एखादे स्थळ पाण्याखाली गेल्यावर त्याचा काळ पुन्हा तपासता येत नाही; उरते ते नोंदपत्र. त्यात ‘सातवाहनकालीन टेकाड’ एवढेच असेल, तर खालच्या थरांविषयी कोणी प्रश्नही विचारणार नाही.

अलीकडे आंतरराष्ट्रीय स्तरावर संज्ञेची एकच अधिकृत सूची लादण्याऐवजी प्रत्येक संज्ञा कोणी, कोणत्या प्रदेशासाठी व कोणत्या वर्षांपुरती वापरली, हे तिच्यासोबत नोंदवण्याकडे कल आहे. ‘पिरिओडो’ ही संगणकीय सूची याच तत्त्वावर रचलेली आहे. वऱ्हाडास ही पद्धत अधिक मानवणारी आहे. प्रदेशाचा उल्लेखही काळजीने करावा लागतो. १९३९ मध्ये तऱ्हाळे येथे सापडलेला सातवाहन नाण्यांचा प्रसिद्ध निधी जुन्या लेखनात अकोला जिल्ह्यातील म्हणून येतो. १९९८ मध्ये वाशीम जिल्हा वेगळा झाल्यापासून ते गाव वाशीम जिल्ह्यात मोडते, आणि दोन्ही जिल्ह्यांच्या याद्यांत तो निधी दोनदा मोजला जाण्याचा संभव आहे.