दीड मिलिमीटरचे नामकरण

माझ्या टेबलाच्या खणात एक काचेची कुपी आहे. करंगळीच्या पेराएवढी. आत अल्कोहोल, अल्कोहोलमध्ये पेन्सिलीने लिहिलेली कागदाची पट्टी आणि त्या पट्टीच्या कडेला टेकून बसलेला एक तपकिरी ठिपका. पट्टीवर सिंधुदुर्गातल्या एका गावाचे नाव, १२ जुलै १९८९ ही तारीख आणि 'देवराई, पाचोळा' एवढेच शब्द आहेत. तो ठिपका म्हणजे १.६ मिलिमीटर लांबीचा एक भुंगेरा. दर दिवाळीच्या सुट्टीत मी कुपीतले अल्कोहोल बदलतो. आमच्या घरात फराळाइतकाच हाही नेम झाला आहे. या किड्याला नाव नाही. निदान मला तरी अजून ते सापडलेले नाही, आणि या दोन वाक्यांतला फरक हाच या लेखाचा विषय आहे.

भुंगेरे आपल्या चांगल्या ओळखीचे असतात, फक्त ते एकाच गणातले आहेत हे आपल्याला ठाऊक नसते. तांदळातले टोके, उसाची मुळे खाणारी हुमणी, काजवे, शेणाचे गोळे ढकलत नेणारे शेणकिडे हे सारे भुंगेरेच. पुढच्या पंखांची जोडी कडक होऊन तिचे कवच झालेले असते आणि उडायचे पंख त्याखाली घडी घालून ठेवलेले असतात, ही त्यांची मुख्य खूण. 'कोलिऑप्टेरा' म्हणजे म्यानात पंख असलेले, हे नाव ॲरिस्टॉटलपासून चालत आले आहे. आजवर भुंगेऱ्यांच्या सुमारे चार लाख जातींना नावे मिळाली आहेत. शेजारी ठेवायला म्हणून सांगतो, सस्तन प्राण्यांच्या जाती साडेसहा हजारांच्या आसपास आहेत.

इथे मराठीतली एक अडचण आधी सांगून टाकतो. विश्वकोशाने 'स्पीशीज'साठी 'जाती' आणि 'जीनस'साठी 'प्रजाती' हे शब्द ठरवले. वर्तमानपत्रांनी 'स्पीशीज'लाच 'प्रजाती' करून टाकले, बहुधा 'जाती' लिहायला हात अडखळतो म्हणून. मी विश्वकोशाच्या बाजूचा आहे.

आता कोस्टा रिकाकडे वळू. तिथे ला सेल्व्हा नावाचे जैविक संशोधन केंद्र आहे, सखल भागातल्या दमट वर्षावनात. या वनात लष्करी मुंग्या राहतात, अर्थात 'राहतात' हे क्रियापद त्यांना फारसे लागू नाही. त्यांना कायमचे वारूळ नसते. हजारो मुंग्या एकमेकींच्या पायांत पाय अडकवून स्वतःच्या शरीरांचाच तळ उभा करतात आणि राणी व पिल्ले त्याच्या आत ठेवतात. काही आठवडे मुक्काम, मग दोनतीन आठवडे जवळजवळ रोज रात्री स्थलांतर, पुन्हा मुक्काम, असे त्यांचे चक्र चालते. या बिऱ्हाडाबरोबर पुष्कळ आगंतुकही हिंडत असतात. 'एसिटॉन बर्शेली' या एकाच लष्करी मुंगीशी संबंधित अशा तीनशेहून अधिक प्राणिजातींची नोंद कार्ल रेटनमायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली आहे. या आगंतुकांपुढचा पहिला प्रश्न अन्नाचा नसतो, प्रवासाचा असतो. काही भुंगेरे मुंग्यांच्या रांगेतून स्वतःच्या पायांनी धावतात. एक माइट तर मुंगीच्या मागच्या पायाच्या टोकाला चिकटते, आणि तळ बांधताना मुंगी नखीऐवजी त्या माइटचेच पाय वापरते!

या मुंग्यांचे अभ्यासक डॅनियल क्रोनाउअर आणि क्रिस्टोफ फॉन बेरेन यांना 'एसिटॉन मेक्सिकॅनम' या जातीच्या रात्रीच्या स्थलांतरात काही मुंग्या विचित्र दिसल्या. त्यांना दोन पोटे असल्यासारखे वाटत होते. या मुंगीच्या कमरेला दोन बारीक गाठी असतात आणि त्यांच्या मागे पोटाचा फुगीर भाग. निरखून पाहिल्यावर कळले की दुसरा फुगवटा मुंगीचा नाहीच. जेमतेम दीड मिलिमीटर लांबीचा एक भुंगेरा त्या दोन गाठींमधली खाच जबड्यांत घट्ट धरून बसला आहे. रंग, आकार आणि गोलाई मुंगीच्या पोटासारखीच. वरून पाहिले तर मुंगीच्या शरीराआड तो दिसतही नाही. मुंगी चालते आणि हा फुकट प्रवास करतो.

तो स्वतः का चालत नाही, याचा मी एकदा हिशेब करून पाहिला. एका रात्रीचा प्रवास शंभर मीटरचा धरला, तर दीड मिलिमीटरच्या प्राण्याला तो स्वतःच्या लांबीच्या सहासष्ट हजार पटींहून जास्त पडतो. माणसाच्या मापात हे अंतर शंभर किलोमीटरच्या वर जाते, तेही एका रात्रीत, पाचोळ्यातून आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा निघायचे ठेवून. इतका विचार केल्यावर कमरेला धरून बसणे हा काही आळशीपणा वाटत नाही.

फॉन बेरेन आणि या कुलाचे तज्ज्ञ अलेक्सी टिशेच्किन यांनी २०१७ साली 'बीएमसी झूलॉजी' या नियतकालिकात या भुंगेऱ्याचे वर्णन प्रसिद्ध केले. नाव ठेवले 'निम्फिस्टर क्रोनाउएरी'. कुल हिस्टेरिडी. ज्याने तो प्रथम शोधला त्याचे नाव त्याला दिले. शेवटची 'ई' ही लॅटिन षष्ठी आहे, म्हणजे 'क्रोनाउअरचा'. स्त्रीचे नाव असते तर शेवट वेगळा झाला असता. स्वतःचेच नाव किड्याला देऊ नये, हा नियम नसला तरी शिष्टाचार आहे, आणि वर्गीकरणशास्त्रात शिष्टाचार बराच पाळला जातो.

पण 'शोध लागला' आणि 'वर्णन झाले' यांच्यामध्ये जे काम असते ते बातमीत येत नाही. बातमीत येते ती दोन पोटांची मुंगी. वर्णन करणाऱ्याला आधी सिद्ध करावे लागते ते एक नकार: हा किडा आजवर नाव मिळालेल्यांपैकी कोणीही नाही. त्यासाठी त्या प्रजातीतल्या सगळ्या जातींची जुनी वर्णने वाचावी लागतात. ती जर्मन, फ्रेंच, लॅटिन, कशातही असतील. प्राण्यांच्या नावांची गणना १७५८ पासून होते. त्या वर्षीच्या लिनियसच्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीपासून जे जे छापले गेले, ते सगळे अजून लागू आहे. १८४० साली कोणी चार ओळींत वर्णन करून गेला असेल, तर नाव त्याचे. त्या चार ओळींवरून काही कळत नसेल, तर मूळ नमुना पाहायचा.

हा मूळ नमुना म्हणजे होलोटाइप. मला या शास्त्रातली ही सर्वांत सुंदर कल्पना वाटते. नाव हे व्याख्येला चिकटवलेले नसते, एका विशिष्ट मेलेल्या किड्याला चिकटवलेले असते. वर्णन चुकू शकते आणि मतेही बदलतात, पण टाचणीवरचा तो किडा तसाच राहतो. दोनशे वर्षांनी कोणाला शंका आली तर तो खण उघडून पाहू शकतो. १९९९ नंतर प्रसिद्ध होणाऱ्या कोणत्याही नव्या जातीसाठी असा नमुना स्पष्टपणे नेमून दिलाच पाहिजे, नाहीतर ते नाव ग्राह्यच धरत नाहीत.

दीड मिलिमीटरचा किडा टाचणीवर बसत नाही. टाचणी त्याच्या मानाने फारच जाड पडते. म्हणून जाड कागदाचा इवला त्रिकोण कापून त्याच्या टोकावर गोंदाच्या थेंबात तो चिकटवायचा आणि टाचणी त्रिकोणाला लावायची. पण त्याआधी त्याला उघडावे लागते. लहान भुंगेऱ्यांच्या जवळच्या जाती बाहेरून इतक्या सारख्या असतात की भरवशाची खूण बहुधा एकच उरते, नराचे जननेंद्रिय. ते कायटिनचे, कडक असते आणि त्याचा आकार जातीजातीत वेगळा असतो. किडा कोमट पाण्यात मऊ करायचा, केसासारख्या दोन सुयांनी पोट उघडायचे, आतला तो अवयव काढून पोटॅशच्या द्रावणात पारदर्शक करायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे चित्र काढायचे. हात थरथरला की संपले. मी एकदा शिंकलो होतो. त्याबद्दल अधिक लिहीत नाही. आता डीएनएचीही जोड असते. 'क्रोनाउएरी'च्या वेळी ती घेतली गेली. तिचा एक मोठा उपयोग म्हणजे नर, मादी आणि अळी ही एकाच जातीची आहेत हे पक्के करता येते.

दीड मिलिमीटर म्हणजे लहानपणाची हद्द नव्हे. पिसासारखे पंख असलेल्या भुंगेऱ्यांचे टिलिइडी नावाचे एक कुल आहे. त्यातली 'सिडोसेला मुसावासेन्सिस' ही जाती निकाराग्वातल्या नमुन्यांवरून १९९९ साली वर्णिली गेली. २०१५ मध्ये रशियन कीटकशास्त्रज्ञ अलेक्सी पोलिलोव्ह यांनी कोलंबियातल्या नमुन्यांची मोजमापे प्रसिद्ध केली. सर्वांत लहान नमुना ०.३२५ मिलिमीटर भरला. शाळेत सूक्ष्मदर्शकाखाली दाखवतात त्या एकपेशीय पॅरामिशियमएवढा हा प्राणी, आणि त्यात मेंदू, डोळे, पाय, पंख सगळे बसवलेले.

माझी कुपी १९८९ सालची. मी तेव्हा कोकणातल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवत होतो. पाचोळ्यातले किडे काढायची युक्ती सोपी आहे. पाचोळा चाळून पत्र्याच्या नरसाळ्यात जाळीवर ठेवायचा, वर चाळीस वॉटचा दिवा लावायचा आणि खाली अल्कोहोलची बाटली. वरून पाचोळा वाळत येतो तसे किडे ओलाव्याच्या शोधात खाली खाली सरकतात आणि बाटलीत पडतात. चाळणी आईची रव्याची होती. ती पुन्हा स्वयंपाकघरात घेतली गेली नाही. तिसऱ्या दिवशी बाटलीत जे पडले त्यात हा होता. आखूड कवचपंख, टोकाला गदेसारख्या फुगलेल्या मिशा. सेलाफिनी उपकुलातला, एवढे मला कळले. हे भुंगेरेही पुष्कळदा मुंग्यांचे पाहुणे असतात. त्यापुढे माझी विद्या संपली.

परदेशातल्या एका तज्ज्ञांना मी चित्रे पाठवली. चार महिन्यांनी उत्तर आले, अतिशय सौजन्याचे. हा किडा आपल्या पाहण्यातल्या कशाशी जुळत नाही, परंतु ही मादी आहे आणि एकच आहे, नर मिळेपर्यंत थांबावे. ते पत्रही मी जपून ठेवले आहे. ते गृहस्थ आता नाहीत. त्यांच्या जागी त्यांच्या संस्थेने दुसरा कोणी नेमल्याचे ऐकिवात नाही.

हे दुखणे सगळीकडचे आहे. टेरी एर्विन यांनी पनामात एकाच जातीच्या १९ झाडांवर कीटकनाशकाचा धूर सोडून खाली पडलेले भुंगेरे मोजले. जाती निघाल्या सुमारे बाराशे. त्यावरून १९८२ साली दोन पानी लेखात त्यांनी अंदाज बांधला की उष्ण कटिबंधात संधिपाद प्राण्यांच्या तीन कोटी जाती असाव्यात. तो आकडा पुढे पुष्कळच खाली आला, आणि तो यायलाच हवा होता. तरी नाव मिळालेल्यांपेक्षा न मिळालेले जास्त आहेत, याबद्दल आज फारसे दुमत नाही. नावे देणारे मात्र निवृत्त होत आहेत.

आपल्याकडे आणखी एक गुंता आहे. ब्रिटिश काळात इथल्या किड्यांची जी वर्णने झाली त्यांचे कित्येक होलोटाइप लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहेत. एच. ई. अँड्र्यूज यांनी भारतातल्या भूचर भुंगेऱ्यांवर १९२९ आणि १९३५ मध्ये दोन जाडजूड खंड लिहिले, ते लंडनच्या खणांवर विसंबून. म्हणजे सिंधुदुर्गातला किडा नवा आहे की नाही, हे ठरवायला विमानाचे तिकीट लागते. २००२ च्या जैवविविधता कायद्याने पुढच्यासाठी व्यवस्था केली. नव्या जातीची नोंद आणि नमुना देशातल्या नेमलेल्या भांडारात द्यावा लागतो, जसे १९१६ साली कोलकात्यात स्थापन झालेले भारतीय प्राणी सर्वेक्षण. हे योग्यच आहे. पण नमुना परदेशी तज्ज्ञाकडे पाठवणे त्यामुळे पूर्वीसारखे टपालाचे काम राहिले नाही, आणि देशात तज्ज्ञ नसेल तर नमुना खणातच राहतो.

नर शोधायला मी त्या देवराईत अकरा पावसाळे गेलो. दुसरे भुंगेरे मिळाले, पण हा नाही. मध्ये बदली झाली, आईचे आजारपण झाले. २०१६ मध्ये पुन्हा गेलो तेव्हा देवळाचा जीर्णोद्धार झालेला होता. सभामंडपाला ग्रॅनाइट, भोवती पेव्हर ब्लॉक, आणि झाडांच्या बुंध्यांना सिमेंटचे पार. झाडे एकही तोडलेली नव्हती. गुरव अभिमानाने म्हणाले, "सर, आता पानसुद्धा पडून राहत नाही, रोज झाडतो." त्यांना काय सांगणार? त्यांनी देवाची जागा स्वच्छ ठेवली होती. जिला नावच नाही अशा जातीच्या बाजूने गावच्या सभेत बोलायला उभे तरी कसे राहायचे? कोणत्याही यादीत ती नाही, म्हणून कोणाच्या नुकसानीतही ती धरली जात नाही.

गेल्या जुलैत माझी एक जुनी विद्यार्थिनी मला शेजारच्या गावच्या देवराईत घेऊन गेली. वाट वाईट असल्यामुळे तिथे अजून ग्रॅनाइट पोहोचलेले नाही. पाचोळा गुडघ्याच्या खाली वीतभर. तिने चाळले, मी दगडावर बसून पट्ट्या लिहिल्या, कारण माझे गुडघे आता वाकत नाहीत. नरसाळे तेच, दिवा मात्र एलईडी चालत नाही, उष्णता देत नाही तो. जुना पिवळा बल्ब तालुक्याच्या तिसऱ्या दुकानात मिळाला. चौथ्या दिवशी बाटलीत आखूड कवचपंखांचे सात भुंगेरे होते. तपकिरी, गदेसारख्या मिशा, लांबी दीड ते १.७ मिलिमीटर. दोघांच्या पोटाचा शेवटचा वलय वेगळा दिसतो, ते नर असावेत. सुया मी धरणार नाही, ती धरेल. या सुट्टीत ती येणार आहे. तोवर दोन्ही कुप्या मी शेजारी ठेवल्या आहेत, आणि खणाला कुलूप लावले आहे.