दीर्घ आजारानंतर पुन्हा रुजू होताना

रुग्णाला 'आता कामावर जाण्यास हरकत नाही' असे लिहून देणे हा आपणा डॉक्टरांचा नित्याचा परिपाठ. मात्र तशी चिठ्ठी स्वतःच्याच हाती पडली की पुढे काय करावे, हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडत नाही. २०१५ च्या अखेरीस मला बहुऔषधरोधक क्षयरोग झाला. दोन वर्षांचे उपचार आणि नंतरची अशक्तता धरून अडीच वर्षे मी वैद्यकीय कामापासून दूर होते. २०१८ च्या मध्यावर इंदूरमध्ये नोकरीसाठी अर्ज करताना जे उमगले, ते समव्यवसायी बंधुभगिनींच्या उपयोगी पडावे म्हणून हा लेखनप्रपंच.

पहिला प्रश्न अर्जातील रिकाम्या वर्षांचा. रिकामी जागा वाचणारा स्वतःच्या शंकांनी भरून काढतो. माझ्या पहिल्या दोन अर्जांना उत्तरच आले नाही. पुढे मी एकच वाक्य घातले: 'आजारपणामुळे कार्यविराम, उपचार पूर्ण, तज्ज्ञांचे कार्यक्षमतेचे प्रमाणपत्र सोबत.' आजाराचा सारा इतिहास सांगण्याची गरज नसते. परंतु बालरुग्णांत वावरणाऱ्या डॉक्टरला संसर्गाविषयी विचारणे रास्तच आहे. त्याचे उत्तर भावनेने नव्हे, तर थुंकीच्या कल्चरच्या निगेटिव्ह अहवालांनी द्यावे.

दुसरा प्रश्न ज्ञानाचा. माझ्या अनुपस्थितीत राष्ट्रीय लसीकरणाचे वेळापत्रकच पालटले होते. एप्रिल २०१६ मध्ये त्रिसंयुजी पोलिओ लशीची जागा द्विसंयुजी लशीने घेतली. त्याच वर्षी रोटाव्हायरसची, तर २०१७ मध्ये गोवर-रुबेलाची आणि न्यूमोकॉकलची लस टप्प्याटप्प्याने दाखल झाली. हे वाचून कळते. हाताचे कौशल्य मात्र वाचून परत येत नाही. म्हणून एका स्नेह्यांच्या बाह्यरुग्ण विभागात मी सहा आठवडे केवळ निरीक्षक म्हणून बसले आणि नवजात पुनरुज्जीवनाचे प्रशिक्षण नव्याने घेतले. वैद्यक परिषदेच्या नोंदणीची मुदतही अर्जापूर्वीच तपासून घ्यावी.

तिसरा प्रश्न शरीराचा, आणि तोच सर्वांत नाजूक. कॅनामायसिनच्या इंजेक्शनांनी माझी उंच पट्टीची श्रवणशक्ती कायमची उणावली. हृदयाचे ध्वनी खालच्या पट्टीतले असल्याने स्टेथोस्कोपचे काम चालते; परंतु 'स', 'श' यांसारखी व्यंजने, मुलांची कुजबूज आणि यंत्रांचे उंच इशारे निसटतात. बालकाच्या जिवाशी तडजोड नको, म्हणून नवजात अतिदक्षता विभागातील रात्रपाळीसाठी मी अर्जच केला नाही. बाह्यरुग्ण विभाग आणि लसीकरण एवढ्याच कामासाठी, श्रवणचाचणीचा आलेख जोडून, अर्ज केला. 'काय जमणार नाही' हे आपणहून सांगितले की 'काय जमते' यावर विश्वास बसतो, हा माझा अनुभव. पाचव्या अर्जाला होकार आला: पहिले तीन महिने रोज चार तास, नंतर पूर्ण वेळ. असे पायरीपायरीने परतणे शरीरालाही मानवते.

आज परिस्थिती निवळली आहे. २०२४ मध्ये भारत सरकारने या क्षयरोगासाठी सहा महिन्यांच्या, केवळ तोंडाने घ्यावयाच्या औषधांच्या बीपाल्म उपचारपद्धतीस मान्यता दिली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापनेस त्या कारणाने कामावरून काढता किंवा पदावनत करता येत नाही. नव्याने अर्ज करणाऱ्याला मात्र या कलमाचा आधार नाही. तेथे निवड करणाऱ्यांची समजच कामी येते.

आपल्यापैकी अनेकजण रुग्णालयांच्या निवड समित्यांवर बसतात. त्यांना एवढीच विनंती: अर्जात दोन-तीन वर्षांचा खंड दिसला तर तो कागद बाजूला सारू नका. उमेदवाराला बोलवा, अहवाल पाहा, काय जमते ते विचारा. बरे झालेल्या माणसाला सहानुभूती पुष्कळ मिळते. त्याला हवे असते ते काम.