पहारेकऱ्याची वही कुठं ठेवायची

सकाळी ६.५०
भालकी. चहा गॅसवर आहे आणि फोन वाजतो. बसवकल्याणच्या सौहार्द सहकारी संस्थेचा शिपाई बोलतोय. "सर, रात्री दोनदा लाईट गेलती. आता कॉम्प्युटर चालू हाय, पण खातं उघडंना गेलंय. तुमचा तो हिरवा-लाल तक्ता बी दिसंना."
फोन उचलणारा माणूस लॅपटॉप उघडतो. तक्ता खरंच कोरा आहे. बारा ठिकाणचे सर्व्हर तो सांभाळतो. पतसंस्थांच्या शाखा आहेत, दोन कॉलेजं आहेत, एक डाळमिल आहे. कुठल्या डिस्कमध्ये किती जागा उरली, रात्रीचा बॅकअप झाला का, यूपीएस किती भरलाय, हे सगळं त्या तक्त्यावर दिसतं. आज बाराही रकाने गप्प आहेत. बिघाड एकाच ठिकाणी झालाय, पण कळेनासं सगळीकडचंच झालंय.

७.४०
मोटारसायकलला पिशवी बांधली. आत क्रिम्पिंगची पक्कड, पाच-सहा रुपयांना एक मिळणारे केबलचे जॅक, मल्टिमीटर, स्क्रूड्रायव्हर, धूळ झाडायचा ब्रश आणि ५०० जीबीची एसएसडी. एसएसडी स्वतःच्या पैशांनी घेतलेली. पगार महिना २६ हजार. पेट्रोलचे दिवसाला २०० वेगळे मिळतात, बिल दिलं तर.

९.२०
बसवकल्याण. काउंटरमागची खोली, एक पंखा, जिन्याखाली सर्व्हर. आधी यूपीएस उघडला. बारा व्होल्टच्या बॅटरीवर मल्टिमीटर ९.८ दाखवतो. बॅटरी संपली. बाजारातून नवी आणायला शिपायाला अकराशे रुपये दिले आणि पक्की पावती आणायला बजावलं.
मग डिस्क पाहिली. उरलेली जागा शून्य.
खरी गोची इथं होती. तक्त्याच्या नोंदी याच सर्व्हरवरच्या मायएसक्यूएलमध्ये जात होत्या, संस्थेचा हिशेब राहतो त्यातच. डेटाबेस आयता होता म्हणून पूर्वी कधीतरी तसं बसवलेलं. बारा सर्व्हर, प्रत्येकाची चाळीस मापं, दर मिनिटाला. कागदावर गुणाकार केला. दिवसाला ६ लाख ९१ हजार २०० ओळी. एका ओळीला नव्वद बाइट धरले तरी रोज ६२ एमबी, वर्षाला २२ जीबीच्या वर. जुनं कुणी कधी काढलंच नाही. १२० जीबीची डिस्क नजर ठेवणाऱ्यानंच भरून टाकली. लिहायला जागा उरली नाही, वीज गेली, आणि मायएसक्यूएल परत उठलं नाही.

९.४५
बाहेर तीन पिग्मी एजंट थांबलेत. काल गोळा केलेले पैसे भरायचेत. त्यांचं कमिशन त्यावर अवलंबून आहे.
तो घाई करत नाही. आधी हिशेबाच्या सगळ्या फाइली एसएसडीवर उतरवतो. मग जुने लॉग तिकडे हलवून थोडी जागा करतो. सेवा चालू करतो. उठली. तक्त्याच्या टेबलातल्या ओळी नुसत्या पुसल्या तर डिस्कला जागा परत मिळत नाही, म्हणून अख्खं टेबलच उतरवून एसएसडीवर ठेवलं आणि इथून काढून टाकलं. १०.२५ ला पहिलं खातं उघडलं. एजंट आत आले.

११.३०
चहा, दहा रुपये. समोर वही. आज ठरवायचंच आहे की तक्त्याच्या नोंदी इथून पुढं कुठं राहणार.
ऑफिसातला धाकटा सहकारी फोनवर म्हणतो, "दादा, सरळ पोस्टग्रेस टाका. सगळे तेच वापरतात." हा म्हणतो, "टाकू. पण कुठल्या मशीनवर? आणि ते मशीन बंद पडलं तर मला सांगणार कोण?"
मला त्याचा हा प्रश्न फार नेमका वाटला. डेटाबेस निवडताना लोक वेग विचारतात. देखरेखीच्या कामात आधी विचारायचं ते हे, की बाकी सगळं पडलं तरी पहारेकऱ्याची वही उघडता येईल का.
त्याच्या मनात दुसरा डेटाबेस आहे, एसक्यूलाइट. त्याचा जन्म अशाच अडचणीतून झाला. डी. रिचर्ड हिप अमेरिकन नौदलाच्या एका विनाशिकेसाठी सॉफ्टवेअर लिहीत होते. माहिती इन्फॉर्मिक्सच्या सर्व्हरवर होती. तो सर्व्हर उठला नाही की हिप यांचा प्रोग्रॅमही अडून बसे आणि बोल त्यांना लागे. २००० साली त्यांनी सर्व्हरच नसलेला डेटाबेस काढला. सगळा मजकूर एका फाइलीत, आणि प्रोग्रॅम ती फाइल थेट वाचतो. पासवर्ड, पोर्ट, सेवा, यातलं काहीच लागत नाही.

दुपारी १.००
ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, घरून आणलेली.

१.३०
एसक्यूलाइटची अडचणही आहे, आणि ती तो लॅपटॉपवर करूनच बघतो. एका वेळी एकच जण लिहू शकतो. बारा नकली सर्व्हर एकाच सेकंदाला लिहायला सोडले. पडद्यावर लाल ओळी आल्या: डेटाबेस लॉक्ड.
आता तीन बदल. चाळीस मापं चाळीस वेळा लिहिण्याऐवजी एकाच व्यवहारात. लिहिण्याची पद्धत बदलून 'वॉल' केली. २०१० पासून एसक्यूलाइटमध्ये ही सोय आहे. तीत एक जण लिहीत असताना बाकीच्यांना वाचता येतं. तिसरा बदल म्हणजे कुलूप दिसलं तर लगेच हात टेकायचे नाहीत, पाच सेकंद थांबायचं. पुन्हा सोडलं. अर्धा तास चाललं, एकही लाल ओळ नाही.
त्यानं वहीत दोन ताकिदी लिहिल्या. ही फाइल नेटवर्कवरच्या शेअर फोल्डरमध्ये ठेवायची नाही, 'वॉल' तिथं चालत नाही. आणि चालू फाइल नुसती कॉपी करायची नाही. ताज्या नोंदी शेजारच्या दुसऱ्या फाइलीत असतात, त्या मागं राहतात. बॅकअप एसक्यूलाइटच्याच आज्ञेनं घ्यायचा.

४.००
हुमनाबादजवळची डाळमिल. तुरीचा भुसा हवेत तरंगतोय. वजनकाट्याच्या खोलीतला संगणक उघडला तर पंख्यावर बोटभर थर. ब्रश, मग ब्लोअर. काट्यावरचा मुलगा सांगतो, "नेट दुपारून दोन-दोन तास नसतं, सर. गाड्या उभ्या राहत्यात."
नेट नसलेल्या त्या दोन तासांत डिस्क भरली किंवा बॅकअप चुकला, तर दूरचा पोस्टग्रेस कितीही चांगला असला तरी त्याच्यापर्यंत नोंद जाणारच नाही. म्हणजे नोंद आधी इथंच व्हायला हवी. त्यानं मिलच्या संगणकावर एसक्यूलाइटची पहिली फाइल बनवली. नेट आलं की साठलेल्या ओळी पुढं पाठवायच्या. केबल ओढली, ओळी साठू लागल्या. दहा मिनिटांनी जोडली, साठलेलं सगळं गेलं.

संध्याकाळी ६.३०
भालकीचं ऑफिस. मालक विचारतात, "अरे, झब्बिक्ससारखं देखरेखीचं तयार सॉफ्टवेअर घेऊन टाक की."
"बघितलं, अण्णा. त्याच्या मुख्य सर्व्हरलाही मायएसक्यूएल, मारियाडीबी नाहीतर पोस्टग्रेस लागतं. एसक्यूलाइट चालतं ते फक्त प्रॉक्सीला, म्हणजे शाखेत नोंदी गोळा करून पुढं पाठवणाऱ्या प्रोग्रॅमला. आपण तेच करतोय, लहान मापात."
"खर्च?"
"दोन्ही डेटाबेस फुकट. कोपऱ्यातला जुना डेस्कटॉप द्या, आठ जीबी रॅमचा. एसएसडी माझी हाय, तिचे पैसे द्या."
मालकांनी साडेतीन हजार मंजूर केले.
बाराही ठिकाणच्या नोंदी एकत्र येतात त्या डेस्कटॉपवर मात्र पोस्टग्रेसच. एकाच वेळी अनेकांचं लिहिणं त्याला जमतं, आणि टेबल महिन्यावार भाग पाडून ठेवता येतं. जुना महिना काढला की जागा लगेच मोकळी. मायएसक्यूएलमध्येही भाग पाडता येतात, हे त्याला ठाऊक आहे. तक्ता हिशेबाच्या डेटाबेसपासून दूर राहावा, एवढाच त्याचा हट्ट. तीस दिवस बारीक नोंदी, त्यापुढं तासाची सरासरी. मिनिटाऐवजी पाच मिनिटांनी माप. दिवसाच्या ओळी १ लाख ३८ हजार २४० वर आल्या.

रात्री ८.४०
घरी जायच्या आधी एकच काम. मिलच्या फाइलीचा बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडला. तपासणीची आज्ञा दिली. उत्तर आलं: ओके. पोस्टग्रेसचाही डंप कोऱ्या डेटाबेसमध्ये चढवून ओळी मोजल्या. जुळल्या.
तुमच्या संस्थेत, शाळेत, मिलमध्ये सर्व्हर असेल तर उद्या तो सांभाळणाऱ्याला दोन गोष्टी विचारा. सर्व्हर बंद पडला हे सांगणारी यंत्रणा त्याच सर्व्हरवर तर नाही ना? आणि बॅकअप शेवटचा उघडून कधी पाहिला?