सीडीतलं गाणं संगणकावर उतरवताना

बडोदे दरबाराचे गायक उस्ताद फैयाज खाँ १९५० साली गेले. त्यांचं गाणं आधी लाखेच्या तबकड्यांवर आलं, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. पुढे कॅसेटवर, मग सीडीवर. आता नव्या लॅपटॉपला सीडीचा कप्पाच नसतो. त्यामुळे बडोद्याच्या रावपुरा-दांडिया बाजारातल्या मराठी घरांत अशा सीडी असतील, तर त्या उतरवून घ्यायला हव्यात. त्याआधी काही गैरसमज दूर केलेले बरे.

पहिला, कॉपी-पेस्ट केलं की काम झालं. विंडोजमध्ये दिसणारी ‘सीडीए’ फाइल अवघ्या ४४ बाइटची असते. तिच्यात गाणं नसतं, ते सीडीवर कुठे आहे एवढीच नोंद असते. सीडी बाहेर काढली की ती फाइल वाजत नाही. त्यासाठी रिपिंग, म्हणजे सीडीवरचा आवाज वाचून त्याची फाइल तयार करणं, करावं लागतं. ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ हा मोफत प्रोग्रॅम शंकास्पद जागा पुन्हा पुन्हा वाचतो, म्हणून मला तोच पसंत आहे.

दुसरा, डिजिटल केलं की दर्जा उतरतो. मुळात सीडी डिजिटलच असते: सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटांचा. फ्लॅक फाइलमध्ये यातलं काहीही गळत नाही, जागा मात्र साधारण निम्मी लागते. एमपी३ जागा वाचवते ती आवाजातला काही भाग कायमचा टाकून. नंतर तिची फ्लॅक केली तरी तो परत येत नाही. तीनशे सीडींची फ्लॅक सुमारे शंभर जीबीत मावते. मग काटकसर कशाला?

जुन्या तबकडीची खरखर रिपिंगने जाते, हेही खरं नाही. ती सीडीतच उतरलेली असते. सॉफ्टवेअरने फार घासली तर आवाजातली धारही जाते. मूळ प्रत जशीच्या तशी ठेवावी.

चरे चकचकीत बाजूला पडले तर घातक, असं वाटतं. त्या बाजूला प्लास्टिकचा जाड थर असतो. माहितीचा थर छापील बाजूच्या लगेच खाली असल्याने तिथला चरा जास्त वाईट. पुसताना फडकं मध्यापासून कडेकडे सरळ न्यावं, गोल फिरवू नये.

सगळ्यात मोठा घोटाळा नावांचा. इंटरनेटवरून आपोआप येणाऱ्या यादीत राग नसतो, गायकाचं नाव संगीतकाराच्या जागी जातं, विलंबित आणि द्रुत ‘ट्रॅक १’, ‘ट्रॅक २’ होऊन बसतात. तेव्हा राग, बंदिश, साथीदार आतल्या पुस्तिकेतून पाहून हातानेच लिहा आणि पुस्तिका स्कॅन करून त्याच फोल्डरमध्ये ठेवा. हे काम कंटाळवाणं आहे, पण एवढी माहिती नसेल तर पुढच्या पिढीला हवी ती चीज सापडणार नाही.

कॉपीराइट कायद्यात खासगी वापरासाठी रास्त वापराची मुभा आहे. गटागटांत वाटप करणं त्यात बसत नाही.

सुरुवात घरी भरलेल्या सीडींपासून करा. त्यांतला रंगद्रव्याचा थर ऊन आणि उष्णतेने खराब होतो, आणि बडोद्याचा मे महिना आपल्याला माहीत आहे. विकत घेतलेली सीडी कदाचित पुन्हा मिळेल. आजीच्या भजनाची दुसरी प्रत कुठेच नसते. त्या भजनाच्या दोन प्रती करा आणि एक दुसऱ्या घरी ठेवा.