कोण जिंकले ते नको, बेरीज सांगा!

माणूस कशावर पैज लावील याचा नेम नाही. धर्मराजाने फाशांवर राज्य लावले, भाऊ लावले आणि शेवटी द्रौपदीलाही लावले. जुन्या मुंबईत आभाळाकडे पाहत पावसाचा सट्टा चाले. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर घोडे धावत, तेव्हा त्यांच्या पाठीवर जॉकीबरोबर कित्येकांचे पगारही बसलेले असत. पण या साऱ्यांत एक गोष्ट समान होती. पैज लावणारा कोणत्या तरी बाजूचा असे. आपला घोडा पुढे यावा, आपले दान पडावे, असे त्याला मनापासून वाटे.

अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलवर लागणारी एक पैज मात्र अशी आहे की, तिला बाजूच नाही. कोण जिंकले, कोण हरले याच्याशी तिला कर्तव्य नाही. दोन्ही संघांच्या गुणांची बेरीज किती होणार, एवढाच प्रश्न. बुकी एक आकडा जाहीर करतो, समजा २२०.५. बेरीज त्याच्या वर जाईल असे वाटत असेल तर ‘ओव्हर’, खाली राहील असे वाटत असेल तर ‘अंडर’. आपल्याला ‘ओव्हर’ म्हटले की सहा चेंडू आठवतात, तो भाग वेगळा! बास्केटबॉलमध्ये अर्धा गुण नसतोच. मग हा अर्धा कशाला? तर बरोबरी होऊन पैसे परत करण्याची वेळ येऊ नये म्हणून. सामना बरोबरीत सुटून पाच मिनिटांचा जादा वेळ खेळला गेला, तर तेही गुण बेरजेत धरतात.

हा आकडा येतो कोठून? त्यासाठी खेळाचा थोडा इतिहास पाहावा लागेल. २२ नोव्हेंबर १९५० रोजी मिनिआपोलिसला एक सामना झाला. फोर्ट वेन पिस्टन्सने मिनिआपोलिस लेकर्सला १९-१८ असे हरवले. बेरीज अवघी ३७! लेकर्सकडे जॉर्ज मायकनसारखा धिप्पाड खेळाडू होता. त्याच्या हाती चेंडू पडू नये म्हणून पिस्टन्सचे खेळाडू चेंडू नुसता धरून उभे राहिले. तसा कोणताही नियम तेव्हा मोडत नव्हता. प्रेक्षक मात्र कंटाळले.

यावर तोड काढली ती सिरॅक्यूजच्या संघाचे मालक डॅनी बायसोन यांनी. हे गृहस्थ बोलिंगचा अड्डा चालवीत. त्यांचा हिशेब आपल्या जुन्या वाण्यासारखा सरळ होता. रंगलेल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून साधारण १२० वेळा बास्केटवर चेंडू टाकतात. सामना ४८ मिनिटांचा, म्हणजे २,८८० सेकंदांचा. २,८८० भागिले १२०, उत्तर २४. चेंडू हाती आला की २४ सेकंदांत टाकलाच पाहिजे, हा नियम १९५४ साली आला आणि एका संघाची सरासरी पहिल्याच मोसमात ७९ च्या आसपासवरून ९३ वर गेली. १३ डिसेंबर १९८३ रोजी डेन्व्हरला तीन वेळा जादा वेळ खेळवावा लागला, तेव्हा डेट्रॉइट १८६, डेन्व्हर १८४ असा निकाल लागला. बेरीज ३७०, बायसोनच्या आधीच्या त्या सामन्याच्या बरोबर दसपट!

म्हणजे बेरजेचा आकडा हवेतून पडत नाही. संघ किती वेगाने खेळतो, प्रत्येक वेळी चेंडू हाती आल्यावर सरासरी किती गुण काढतो, काल रात्रीच दुसऱ्या गावी खेळून तो दमला आहे का, कोणाचा घोटा दुखावला आहे, या सगळ्याचे गणित त्यात असते. आणि गणित म्हटले की शिकल्यासवरलेल्या माणसाला वाटते, हे तर आपले क्षेत्र!

तसे ते एकाला साधलेही. हारालाबोस वूल्गारिस या कॅनडातल्या तरुणाच्या लक्षात आले की, बुकी पूर्ण सामन्याचा आकडा ठरवतात आणि पूर्वार्धासाठी त्याचे सरळ दोन भाग करतात. पण अखेरच्या मिनिटांत मागे पडलेला संघ घड्याळ थांबवण्यासाठी मुद्दाम फाऊल करतो, समोरच्यांना फ्री थ्रो मिळतात आणि गुण भराभर वाढतात. उत्तरार्ध जड असतो! या एका फटीतून त्याने काही वर्षे भरपूर पैसा काढला. पुढे बुकी शहाणे झाले, फट बुजली. वूल्गारिसला २०१८ साली डॅलसच्या संघानेच आकडेमोडीसाठी नोकरीवर ठेवले. अशा एकाची गोष्ट सांगितली जाते, आणि तीच ऐकून हजारो जण खिशात हात घालतात.

बँकेत उभी हयात गेल्यामुळे कोणताही व्यवहार पाहिला की मला आधी ‘यात दुकानाचे काय?’ हे शोधायची खोड आहे. येथे दुकानाचे असे आहे: १०० डॉलर जिंकण्यासाठी सहसा ११० लावावे लागतात. एकाने ‘ओव्हर’वर ११० लावले, दुसऱ्याने ‘अंडर’वर ११०. गल्ल्यात आले २२०. जिंकणाऱ्याला त्याचे ११० आणि वर १०० असे २१० दिले. दहा डॉलर राहिले बुकीचे. त्याने सामना पाहिलाही नाही. म्हणून अर्ध्या पैजा जिंकणारा माणूस बरोबरीत सुटत नाही, तो बुडतो. नुसते तरंगायलाही शंभरात ५२.३८ पैजा जिंकाव्या लागतात.

माझा एक पुतण्या न्यू जर्सीत एडिसनला असतो. संगणकातला हुशार मुलगा, व्यसन कसले नाही. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात मी त्याच्याकडे होतो, तेव्हा त्याने मला आपली वही दाखवली. “काका, हा जुगार नाही, अभ्यास आहे. तुम्हीच बघा.” प्रत्येकी ११० डॉलरच्या दोनशे पैजा सुबक अक्षरात लिहिलेल्या. १०४ जिंकल्या, ९६ हरला. चेहऱ्यावर पहिला नंबर आल्याचा आनंद. मी पेन्सिल घेतली. १०४ गुणिले १०० म्हणजे १०,४०० जमा. ९६ गुणिले ११० म्हणजे १०,५६० खर्च. आठ पैजा जास्त जिंकूनही १६० डॉलर खोट! तो बराच वेळ त्या दोन ओळींकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “अजून थोडा अभ्यास वाढवला पाहिजे.”

१६० डॉलर ही काही त्याच्या घराला भारी रक्कम नव्हे. पण खरी खोट त्या वहीत नव्हती, ती त्याच शनिवारी दिसली. आम्ही सारे टीव्हीसमोर बसलो होतो. त्याच्या आवडत्या संघाचा सामना, त्याची नऊ वर्षांची मुलगी संघाचा निळा सदरा घालून बसलेली. पैज ‘ओव्हर’ची, आकडा २२०.५. पंधराएक सेकंद उरले तेव्हा त्यांचा संघ ११३-१०६ असा पुढे होता. प्रतिस्पर्ध्यांनी हार मानली. चेंडू हाती असलेल्या खेळाडूने तो बास्केटकडे टाकला नाही, जागच्या जागी आपटत वेळ संपू दिला. सामना हातात आल्यावर हरलेल्याला आणखी लाजवायचे नाही, ही या खेळातली जुनी सभ्यता. बेरीज झाली २१९. एक बास्केट पडली असती तर २२१!

मुलगी सोफ्यावर उड्या मारीत होती. पुतण्याने हातातला फोन उशीवर टाकला आणि टाळूला हात लावून बसला. “बाबा, आपण जिंकलो ना? मग तू असा का बसलास?” ती म्हणाली. त्याला उत्तर देता आले नाही. त्याच्या खेळाडूने सज्जनपणा केला होता, आणि नेमका त्याचाच त्याला राग आला होता.

हा राग प्रेक्षकापाशी थांबत नाही, तो मैदानात उतरतो. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजने १९५० साली महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या दोन्ही मोठ्या स्पर्धा जिंकल्या. पुढच्याच वर्षी त्याच संघातल्या मुलांना अटक झाली. जुगाऱ्यांचे पैसे घेऊन ते किती गुणांनी जिंकायचे ते ठरवून खेळत होते. प्रकरण सात महाविद्यालयांपर्यंत गेले. ‘हरा’ असे कोणाला सांगावे लागत नव्हते, ‘थोडे कमी जिंका’ एवढे पुरे होते. मन अशी तडजोड किती सहज करते!

१४ मे २०१८ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ चा केंद्रीय कायदा रद्द केला आणि खेळांवरचा सट्टा राज्याराज्यांत अधिकृत होऊ लागला. आता संघाच्या बेरजेखेरीज एकेका खेळाडूच्या गुणांवरही ‘वर की खाली’ चालते. २० मार्च २०२४ रोजी टोरांटो रॅप्टर्सचा जॉन्टे पोर्टर तीन मिनिटेही न खेळता ‘बरे वाटत नाही’ म्हणून बाहेर गेला. तो कमी गुण करील यावर कोणीतरी ८०,००० डॉलर लावले होते. मिळणार होते ११ लाख, पण संशय आल्याने ते अडकले. एप्रिलमध्ये त्याला आजन्म बंदी झाली, जुलैमध्ये त्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला. तो स्वतःच जुगाराच्या कर्जात बुडालेला होता.

आपण फार शहाणे आहोत असे मात्र कोणी समजू नये. आपला मटका सुरू झाला तो न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून मुंबईला येणाऱ्या उघडत्या आणि बंद होत्या भावांच्या आकड्यांवरच. १९६१ साली ते भाव येणे थांबले, तर लोकांनी मडक्यातून चिठ्ठ्या काढल्या. कापूस गेला, आकडा राहिला. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. कायद्याने दुकान बंद करता येते. आकड्याची ओढ घरातच ओळखावी लागते.

बायसोनने २४ चा भागाकार केला तो लोकांनी खेळ पाहत बसावे म्हणून. आज त्याच खेळाची बेरीज लोक अशी करतात की खेळ दिसेनासा होतो. फलकावर दोन संघांचे गुण वेगवेगळे लिहिण्याची पद्धत आहे. ती काही उगाच पडलेली नाही.