कामावरची परीक्षा : आधी आराखडा, मग प्रमाणपत्र

दहावीचा निकाल लागला की घरोघरी 'पुढे काय?' हा प्रश्न उभा राहतो. अलीकडे काही विद्यार्थी प्रत्यक्ष कामावर राहून मिळणाऱ्या व्यवसाय-प्रमाणपत्राचा विचार करू लागले आहेत. आपल्या वडोदऱ्याला हा विचार नवा नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९० साली येथे कलाभवन सुरू केले, ते हाताला विद्या मिळावी म्हणूनच. दादासाहेब फाळके तेथेच शिकले. पुढे १९६१ साली देशात शिकाऊ उमेदवारीचा कायदा झाला, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर शाळेपासूनच व्यवसायशिक्षणाची ओळख व्हावी असे सांगितले.

तरीही पालकांच्या मनात एक शंका राहतेच : या शिक्षणाची परीक्षा घेतात तरी कशी?

शाळेत एक प्रश्नपत्रिका सर्वांना एकाच वेळी मिळते. कामावर तसे करून चालत नाही. एक उमेदवार कारखान्यात असतो, दुसरा दुकानात. दोघांच्या हाती येणारे काम निराळे. म्हणून मापदंड सर्वांना एकच ठेवायचा, पण त्याला आपण उतरलो हे कोणी, कधी, कोणत्या कामातून दाखवायचे, ते प्रत्येकाशी बसून आधी ठरवायचे, अशी पद्धत आहे. ब्रिटनमध्ये १९८६ नंतर आलेल्या 'एनव्हीक्यू' प्रमाणपत्रांमुळे ती विशेष रुजली. तेथे गुणांऐवजी 'सक्षम' किंवा 'अद्याप सक्षम नाही' असा निर्णय देतात. दुसरा निर्णय म्हणजे नापास नव्हे. काय राहिले ते सांगून पुढची तारीख ठरवली जाते.

वायरमनचे उदाहरण घेऊ. समजा दोन मुले शिकत आहेत. पहिला लहानपणापासून वडिलांबरोबर कामाला जातो, दुसरा अगदी नवखा आहे. मापदंड दोघांना सारखाच : काम सुरू करण्यापूर्वी वीजपुरवठा बंद करून टेस्टरने खात्री करणे, स्विच फेजच्या तारेवरच घेणे, अर्थिंग तपासणे, मेगरने इन्सुलेशन मोजणे. पहिल्याच्या आराखड्यात पूर्वी केलेल्या कामाची दखल घ्यावी. मात्र ते काम त्यानेच केले का, आणि आजही त्याला ते जमते का, हे पडताळून पाहावे. दुसऱ्याला आधी सरावासाठी आठवडे द्यावेत आणि मग परीक्षकाने कामावर येऊन पाहावे.

चांगल्या आराखड्यात पुढील गोष्टी लिहिलेल्या असतात :

१. कोणते कौशल्य तपासायचे.
२. ते कोणत्या कामात, कोठे आणि कोणत्या तारखेला पाहायचे.
३. पुरावा कोणता : प्रत्यक्ष पाहणी, तयार झालेले काम, तोंडी प्रश्न की मुकादमाची साक्ष.
४. उमेदवाराला कोणती सवलत लागेल.
५. पुन्हा आढावा कधी घ्यायचा.

सवलतीबद्दल पुष्कळ गैरसमज आहेत. एखाद्याला भराभर लिहिता येत नसेल, तर त्याला तोंडी प्रश्न विचारता येतात, कारण लेखनाचा वेग हे वायरमनचे कौशल्य नव्हे. पण वायरिंगचा नकाशा वाचणे हा कामाचाच भाग आहे. त्यात सूट देता येत नाही. रीत बदलावी, मापदंड बदलू नये. चुकीच्या माणसाला प्रमाणपत्र मिळाले, तर त्याची किंमत कोणाच्या तरी घरात शॉक लागून मोजावी लागते. विजेचा धक्का बसलेल्या माणसाला कसे सोडवायचे, यासारख्या गोष्टी मात्र खऱ्या प्रसंगाची वाट पाहत तपासता येत नाहीत. त्यासाठी बनावट प्रसंग उभा करतात.

आपल्याकडे बऱ्याच अभ्यासक्रमांत शेवटी बाहेरचा परीक्षक येऊन परीक्षा घेतो आणि गुण देतो. एका दिवसाच्या परीक्षेत वर्षभराचे काम दिसत नाही, म्हणून आराखडा आणि कामाची नोंदवही यांचे मोल अधिकच आहे. शिकाऊ उमेदवाराच्या प्रगतीची नोंद ठेवणे १९६१ च्या कायद्यानुसार मालकाचे कर्तव्य आहे, हे फार थोड्या पालकांना ठाऊक असते.

विद्यार्थी मित्रांनो, केलेल्या कामाची तारीखवार नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा आणि कामावरच्या वरिष्ठांची सही त्याच आठवड्यात घ्या. पालकांनी प्रवेश घेतानाच विचारावे : माझ्या मुलाची तपासणी कधी आणि कशी होणार, आणि कमी पडल्यास पुन्हा संधी केव्हा? ज्या संस्थेपाशी याचे उत्तर कागदावर नाही, तेथे फी भरण्यापूर्वी थोडे थांबावे. विश्वस्त मंडळींनीही एखाद्या कारखान्याशी किंवा प्रशिक्षण केंद्राशी करार करताना हाच कागद आधी मागावा.

हाताला काम येणे आणि ते येते हे दाखवता येणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली मेहनतीने साधते. दुसरीची तयारी पहिल्या महिन्यातच सुरू करावी लागते.